खासदारांच्या कार्यालयात नव्याने रुजू झालात? पहिला आठवडा असा लावा

सोमवारी सकाळी साडेनऊला कार्यालयाचं शटर वर जातं तेव्हा बाहेर आठ-दहा माणसं आधीच उभी असतात. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स, दवाखान्याचे रिपोर्ट, एखादा मळकट सातबारा. अधिवेशन चालू असेल तर साहेब तेव्हा दिल्लीत असतात, आणि त्या माणसांसमोर बसलेले तुम्ही असता. मी पंधरा वर्षं कांद्याच्या पट्ट्यातल्या एका मतदारसंघात हे काम केलं. नव्या मुलामुलींना शेजारी बसवून जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. टेबलावर येणारा अर्ज आणि लोकसभेत विचारला जाणारा प्रश्न ही वेगवेगळी कामं नाहीत. राजापूरमधून पाच वेळा निवडून गेलेले मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम आला. फळीवर रात्र काढून पाठ आखडलेल्या माणसांचं ते गाऱ्हाणं होतं. गावातलं गाऱ्हाणं दिल्लीच्या कागदावर नीट उतरवणं हाच तुमच्या नोकरीचा गाभा आहे.

पायरी १ : काम कोणाचं, ते आधी ओळखा

महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे तुमच्या हद्दीत सहा आमदार, शिवाय जिल्हा परिषद, पंचायत समित्या, नगरपालिका. लोकांना हे सगळं सारखंच. गटार तुंबलं तरी खासदार, डीपी जळाली तरी खासदार.

पहिल्या आठवड्यात भिंतीवर एक कागद लावा. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, पासपोर्ट, पीएफ, पोस्ट, राष्ट्रीयीकृत बँका, आयात-निर्यात हे केंद्राचं. फेरफार, मोजणी, पोलीस, महावितरण, एसटी, निराधारांची पेन्शन हे राज्याचं. नळपाणी, गावातले रस्ते, शाळेची खोली हे बहुतेक जिल्हा परिषदेचं किंवा नगरपालिकेचं.

काम केंद्राचं नसेल तर “हे आमच्याकडे येत नाही” एवढं बोलून माणसाला उठवू नका. तो वीस-तीस किलोमीटरवरून एसटीने आलेला असतो. कोणत्या कार्यालयात, कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे, कोणते कागद घेऊन जायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या. लोकशाही दिनाची माहितीही द्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी आणि तिसऱ्या सोमवारी तहसीलदार समोर बसून तक्रारी ऐकतात, त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो. ही सोय अर्ध्या लोकांना ठाऊकच नसते.

पायरी २ : पिशवी उघडा, कागद वाचा

बँकांचं विलीनीकरण झालं त्या काळात एक आजी आल्या होत्या. सात महिन्यांपासून श्रावणबाळ योजनेची, म्हणजे निराधार वृद्धांसाठीची, पेन्शन बंद. मी सवयीने तहसीलदारांच्या नावे पत्र टाइप करायला घेतलं. “सदर लाभार्थ्याचे अनुदान तात्काळ सुरू करावे.” प्रिंट काढता काढता सहज आजींचं पासबुक उघडलं. पहिल्या पानावर बँकेचं जुनं नाव, शाखेचा जुना कोड (आयएफएससी). त्या नावाची बँकच आता राहिली नव्हती. तहसीलमध्ये फोन केला तर पैसे दर महिन्याला निघत होते आणि परत येत होते. माझं पत्र गेलं असतं तर “अनुदान नियमित वर्ग करण्यात येत आहे” असं उत्तर आलं असतं, आणि आजी आठव्या महिन्यात पुन्हा माझ्यासमोर बसल्या असत्या.

तेव्हापासून माझा नियम एकच: कागद वाचल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही. माणूस जे सांगतो ते त्याचं दुखणं असतं. दुखण्याचं कारण बहुतेक वेळा पिशवीतल्या तिसऱ्या-चौथ्या कागदावर सापडतं.

पायरी ३ : वही ठेवा, आणि एक रकाना जास्तीचा आखा

आवक-जावक वही प्रत्येक कार्यालयात असते. तारीख, नाव, गाव, मोबाइल, विषय, कोणाला पत्र गेलं, जावक क्रमांक, पोच मिळाली का. संगणकावर ठेवा किंवा वहीत, पण रोजच्या रोज भरा. “नंतर भरतो” म्हणाल तर तो दिवस गेलाच म्हणून समजा.

माझ्या वहीत शेवटी आणखी एक रकाना असायचा: “मूळ कारण”. आजींच्या पुढे मी लिहिलं, “बँक विलीनीकरण, आयएफएससी”. तीन आठवड्यांत त्याच गावातल्या आणखी तिघांपुढे तेच लिहावं लागलं. मग लक्षात आलं की हा चार अर्जांचा विषय नाही, अख्ख्या शाखेच्या खातेदारांचा आहे. शाखा व्यवस्थापकांशी बोललो, ग्रामपंचायतीत एक दिवस टेबल लावलं, तहसीलचा कारकून आणि बँकेचा माणूस शेजारी-शेजारी बसवले. संध्याकाळपर्यंत बरीच खाती दुरुस्त झाली. त्या रकान्यावाचून मी चार वेगवेगळी पत्रं लिहून मोकळा झालो असतो.

दर शुक्रवारी तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. एकच कारण तीनदा दिसलं की थांबा. तिथे संसदेतला प्रश्न दडलेला असतो.

पायरी ४ : पत्र असं लिहा की अधिकाऱ्याला टाळता येणार नाही

“उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित” हा शेरा मारलेला अर्ज खालच्या टेबलावर सरकतो आणि तिथेच राहतो. पत्रात तीन गोष्टी हव्यात: नेमकं काय घडलं (तारखांसह), कोणत्या योजनेखाली किंवा नियमाखाली हक्क बसतो, आणि आपल्याला नेमकं काय हवंय. “सहकार्य करावे” ही मागणी नाही. “दाव्याची सद्यस्थिती आणि नामंजुरीचे कारण लेखी कळवावे” ही मागणी आहे.

विषय मोठा असेल तर साहेबांच्या सहीने मंत्र्यांना किंवा सचिवांना अर्धशासकीय, म्हणजे थेट त्यांच्या नावाने, पत्र पाठवा. खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत द्यावी आणि त्यानंतरच्या १५ दिवसांत उत्तर द्यावं, अशा केंद्र सरकारच्या स्वतःच्या सूचना आहेत. महिना उलटला की स्मरणपत्र काढा आणि संदर्भात पहिल्या पत्राचा क्रमांक टाका. वही नीट असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे.

रोज येणाऱ्या पत्रांपैकी काहींबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. रेल्वेच्या आपत्कालीन कोट्यासाठी (तातडीच्या प्रवाशांना राखून ठेवलेल्या जागांसाठी) पीएनआर, प्रवासाची तारीख आणि वर्ग लिहून पत्र आदल्या दिवशीच पोचवा, आणि पीएनआरचा आकडा न् आकडा मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून तपासून घ्या. एकदा माझ्याकडून एक आकडा चुकला. कॅन्सरच्या पेशंटला घेऊन मुंबईला निघालेलं कुटुंब रात्रभर दाराशी बसून गेलं. त्या कुटुंबातल्या मुलाने मला सकाळी फोन केला, आवाज चढवला नाही, फक्त सांगितलं. तो फोन मी विसरलेलो नाही.

दवाखान्याच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची. शस्त्रक्रियेआधीच या, असं कार्यकर्त्यांमार्फत गावोगावी कळवून ठेवा. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीसाठी खासदारांचं पत्र जोडता येतं, सोबत रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आजार बसतो का, ते आधी पाहा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. २००६ पासून मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना आहे. या खाटांसाठी रुग्णालयात “समाजसेवक कुठे बसतात?” असं विचारायला नातेवाइकांना शिकवा. शिफारसपत्र घेऊन ते सुरक्षारक्षकाशी वाद घालत बसतात आणि त्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत.

पायरी ५ : दिल्लीचा आठवडा इथूनच तयार होतो

वर्षात साधारण तीन अधिवेशनं असतात: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी. या काळात साहेब सोमवार ते शुक्रवार दिल्लीत आणि शनिवार-रविवार मतदारसंघात. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर जागे झालात तर उशीर झाला. तारखा जाहीर झाल्या की कोणत्या दिवशी कोणती मंत्रालयं उत्तरं देतात त्याचा तक्ता येतो. तो छापून वहीत चिकटवा.

लोकसभेत अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो. अतारांकिताचं उत्तर लेखी मिळतं. कोणाचा प्रश्न यादीत कितवा, हे सोडतीवर ठरतं. नवीन लोकांना वाटतं, तारांकित लागला तरच खरं काम. माझा अनुभव वेगळा आहे. आकडे हवे असतील, जिल्हावार तपशील हवा असेल, तर अतारांकित प्रश्नासारखं दुसरं साधन नाही. मंत्रालयाला ते छापील उत्तर द्यावं लागतं, आणि तो कागद पुढची कित्येक वर्षं तुमच्या कामी येतो.

आता प्रश्न लिहायचा कसा, ते कांद्यावरून सांगतो, कारण यातच सगळे अडखळतात. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. दोन दिवसांत आमच्या कार्यालयात उभं राहायला जागा उरली नाही. प्रत्येकाचं म्हणणं एकच: “साहेब, कांद्याचं काहीतरी करा.” सोबत कामाला लागून महिना झालेला एक पदवीधर मुलगा होता. त्याने प्रश्न लिहिला: “सरकारने कांदा उत्पादकांचा विश्वासघात का केला?” भावना शंभर टक्के खरी, पण असा प्रश्न दाखल करून घेतलाच जात नाही. प्रश्नात आरोप, मतप्रदर्शन, युक्तिवाद चालत नाही, राज्याच्या अखत्यारीतला विषय चालत नाही, आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत लागतो.

मग आम्ही दोघांनी बसून विषयाचे तुकडे केले. निर्यात बंद करणारी अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे वाणिज्य मंत्रालय. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं होतं, बाजार समित्यांमधले लिलाव त्यावरून बंद पडले होते. ते शुल्क अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचं. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था सरकारसाठी जो कांदा खरेदी करतात तो साठा ग्राहक व्यवहार खात्याचा. लागवडीचे आणि उत्पादनाचे अंदाज कृषी मंत्रालयाचे. एका कांद्याला चार मंत्रालयं. चुकीच्या दारात प्रश्न टाकला तर तो योग्य मंत्रालयाकडे वळवण्यातच दिवस जातात.

तुकडे पडल्यावर प्रश्न साधा होतो. ग्राहक व्यवहार मंत्र्यांसाठी तो असा उभा राहतो: (क) राखीव साठ्यासाठी चालू वर्षात महाराष्ट्रातून किती कांदा, कोणत्या दराने खरेदी केला, त्याचा जिल्हावार तपशील काय, (ख) ही खरेदी थेट शेतकऱ्यांकडून झाली की मध्यस्थ संस्थांमार्फत, (ग) पैसे किती दिवसांत खात्यावर जमा झाले, (घ) विलंब झाला असल्यास त्याची कारणे काय? यात एकही कडवट शब्द नाही. पण उत्तर आलं की बाजार समितीत तराजूजवळ उभा असलेला शेतकरी ते वाचून लगेच सांगतो, कोणता आकडा खरा आणि कोणता नाही.

निर्यातबंदी ४ मे २०२४ ला उठली, ४० टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य झालं. यात एका खासदाराच्या प्रश्नाचा वाटा किती, हे कोणी मोजू शकत नाही आणि तुम्ही तसा दावाही करू नका. लोकसभा निवडणूक, आंदोलनं, बाजारभाव, सगळ्यांचा जोर असतो. आपलं काम एवढंच की त्या जोरात आपल्या तालुक्यांचे आकडे बिनचूक असावेत.

प्रश्नाखेरीज लोकसभेच्या नियमावलीतला नियम ३७७ लक्षात ठेवा. सदस्याला आठवड्यातून एकदा या नियमाखाली विषय मांडता येतो, मजकूर २५० शब्दांच्या आत. स्टेशनवरचा थांबा, महामार्गावरचा जीवघेणा चौक, पीएफच्या निवृत्तिवेतनधारकांचं दुखणं, अशा विषयांना हे उत्तम. ईपीएस ९५ या पीएफच्या पेन्शन योजनेची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून एक हजार रुपये आहे. साखर कारखान्यांतून, सूतगिरण्यांतून निवृत्त झालेले हे म्हातारे दर आठवड्याला येतात, घोषणा देत नाहीत, शांत बसून राहतात. त्यांना चहा द्या आणि प्रत्येकाच्या पेन्शन आदेशाची झेरॉक्स ठेवून घ्या. सभागृहात बोलताना हातात खरे कागद असले की आवाजाला वजन येतं. साहेबांना मराठीत बोलायचं असेल तर जरूर बोलावं, सभागृहात भाषांतराची सोय आहे.

शुक्रवारी दुपारनंतर खासगी सदस्यांचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांचं, कामकाज असतं. “साहेबांनी कायदाच आणावा” म्हणणाऱ्यांना विधेयक मांडता येतं हे सांगा, आणि हेही सांगा की खासगी सदस्याचं विधेयक संसदेत शेवटचं मंजूर झालं ते १९७० साली. विधेयक मांडल्याने विषय नोंदला जातो, चर्चेत येतो. तेवढ्यासाठीसुद्धा कष्ट घ्यावेत, पण खोटी आशा लावू नये.

मंत्र्यांचं उत्तर आलं की ते पेन्सिल घेऊन वाचा. “बाब विचाराधीन आहे” असं मंत्री सभागृहात म्हणाले तर ते आश्वासन धरलं जातं. त्यावर शासकीय आश्वासन समिती लक्ष ठेवते आणि पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत असते. कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा.

पायरी ६ : शनिवार-रविवारचा दौरा

दौऱ्याचा कागद शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ड्रायव्हर, अंगरक्षक आणि तालुक्यातल्या मुख्य कार्यकर्त्यांकडे गेला पाहिजे. आमच्याकडे सकाळी सात-साडेसातला दशक्रिया, दुपारी लग्नं, संध्याकाळी हरिनाम सप्ताह किंवा एखादं भूमिपूजन. दशक्रियेला घाटावर गेलात तर पाच मिनिटं, भाषण शक्यतो नाही, आणि घरच्यांशी बोलताना मृत व्यक्तीचं नाव बरोबर हवं. नाव, नातं, गाव चिठ्ठीवर लिहून गाडीतच साहेबांच्या हातात द्या. लग्नात सत्कारामुळे मंगलाष्टका खोळंबू देऊ नका. मुलीचा बाप काही बोलत नाही, पण घड्याळाकडे बघत असतो. नवरा-नवरीवर अक्षता टाकून बाजूला झालात तर तोच माणूस वर्षानुवर्षं नाव काढतो.

भूमिपूजनाची कोनशिला छापायला जाण्याआधी स्वतः वाचा. नावांचा क्रम शिष्टाचाराप्रमाणे हवा, पक्ष कोणताही असो. सरपंचाचं नाव सुटलं म्हणून चांगला रस्ता सहा महिने भांडणात अडकलेला मी पाहिलाय. आणि दौऱ्यात गाडीच्या काचेतून आत सरकवलेली प्रत्येक चिठ्ठी एका पाकिटात ठेवा. सोमवारी ती वहीत चढली पाहिजे.

पायरी ७ : निधीचं गणित लोकांसमोर मांडा

स्थानिक क्षेत्र विकास योजनेतून खासदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात, अशी समजूत आहे. पैसे खासदाराच्या हातात येत नाहीत. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडून होतो, आणि शिफारशीवर ४५ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावी लागते. पाच कोटी सहा विधानसभा क्षेत्रांत वाटले तर एकाच्या वाट्याला साधारण ८३ लाख येतात. हे गणित मी फळ्यावर लिहून ठेवायचो. सभामंडप मागायला आलेली मंडळी ते वाचून आपसात बोलायची, आणि पुष्कळदा शाळेच्या खोलीवर किंवा पाण्याच्या टाकीवर एकमत करून यायची. टिकाऊ, सार्वजनिक कामच सुचवा. धार्मिक स्थळांची कामं यात बसत नाहीत, हे पहिल्याच भेटीत सांगा.

याच्या जोडीला दिशा समितीची तिमाही बैठक. अध्यक्ष खासदार, सदस्य सचिव जिल्हाधिकारी, आणि केंद्राच्या योजनांचा आढावा. बैठकीआधी आठवडाभर वहीतला “मूळ कारण” रकाना काढून विभागवार प्रश्न लिहून द्या. अधिकाऱ्यांना कागद आधी पोचला तर ते आकडे घेऊन येतात.

पायरी ८ : “होणार नाही” हे त्याच दिवशी सांगा

केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशासाठी खासदारांचा कोटा होता, तो २०२२ मध्ये बंद झाला. आजही एप्रिलमध्ये पालक येतात. त्यांना “बघू, साहेबांशी बोलतो” म्हणणं सोपं असतं, आणि ते सगळ्यात वाईट. तेवढ्यात दुसऱ्या शाळेची मुदत निघून जाते. पोलीस तपासात शब्द टाका, बदली करून द्या, भरतीत नाव लावा, अशा मागण्यांनाही लगेच, नम्रपणे आणि दार उघडं ठेवून नकार द्या. कोणी कामासाठी पाकीट पुढे केलं तर सगळ्यांसमोर परत करा. तुमच्या नावावर बाहेर कोणी पैसे घेत असल्याचं कानावर आलं तर त्याच दिवशी साहेबांना सांगा.

पायरी ९ : उत्तर माणसापर्यंत पोचवा

दिल्लीहून किंवा विभागाकडून पत्र आलं की ते फाइलला लावण्याआधी अर्जदाराला फोन करा. उत्तर इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून सांगा, झेरॉक्स द्या. काम झालं नसलं तरी फोन करा. गुरुवारी दुपारी तीन ते पाच ही वेळ मी फक्त या फोनांसाठी ठेवायचो, बाहेर कोणीही बसलेलं असो. पेन्शनच्या त्या आजींना मी पैसे जमा झाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांना आधीच कळलेलं होतं. त्यांनी मलाच विचारलं, “वाण्याच्या गल्लीतल्या सखूबाईचं बी तसंच अडलंय, तिला कधी धाडू?” मी वही पुढे ओढली आणि नाव लिहून घेतलं.